कावळा, टिटवी आणि कौल

वैशाख उतरणीला लागला की कावळे काटक्या वाहू लागतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावांत या दिवसांत झाडांकडे पाहणारी नजर बदलते. कावळ्याने कोणते झाड धरले, बेचक्यात घर केले की शेंड्याला, घरट्याचे तोंड उगवतीला की मावळतीला, याची चौकशी पारावर होते. आंब्यावर किंवा करंजावर, दाट पानोळ्यात घरटे असेल तर पाऊस पोटभर. बाभळीवर, बोरीवर, काट्यात असेल तर वर्ष ओढीचे. बेचक्यात खोल बसवले असेल तर वारा-पाऊस जोराचा, शेंड्याला टांगले असेल तर पाऊस दुबळा. मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून अशा खुणा आयुष्यभर ऐकल्या आणि लिहून ठेवल्या. त्यामुळे शहरातल्या वाचकालाही त्या ठाऊक झाल्या. गावात मात्र त्या पुस्तकाआधीपासून आहेत आणि त्या वाचणारा माणूस बहुधा बी-बियाण्याचा हिशोब मनात ठेवूनच वर पाहत असतो.

या दोन तालुक्यांची ठेवणच अशी आहे की आभाळ वाचल्याशिवाय येथे कोणाचे भागले नाही. पश्चिमेला नाणेघाट, माळशेज, आहुपे आणि भीमाशंकरचा माथा. पावसाळ्यात तेथे दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, घरातल्या चुलीवर घोंगड्या वाळवाव्या लागतात आणि भाताच्या आवणीला गुडघाभर चिखल असतो. तेथून पूर्वेला निघाले की साठ-सत्तर किलोमीटरांत बेल्ह्याचा, लोणी-धामणीचा उघडा माळ लागतो. तेथे बाजरीच्या एका सरीसाठी डोळे लावून बसावे लागे. कुकडी, मीना आणि घोड या नद्या पश्चिमेचे पाणी पूर्वेला नेतात. त्यांच्यावर व त्यांच्या उपनद्यांवर माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणे झाली, कालवे आले, माळावर ऊस उभा राहिला. पण ही गोष्ट गेल्या पन्नासेक वर्षांतली. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी पेरणीचा दिवस पक्षी, मुंगी आणि वारा पाहूनच ठरवला.

या पाहण्यातले पुष्कळसे खरे होते, हे आधी सांगायला हवे. चातक मृगाच्या आसपास दिसतो, कारण तो पावसाच्या वाऱ्यांबरोबरच आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो. पावशा पेरणीची हाक देतो, म्हणजे त्याचा विणीचा हंगाम त्याच दिवसांत येतो. मुंग्या अंडी तोंडात धरून वर चढू लागल्या, तर हवेतला दमटपणा वाढल्याचे त्यांना माणसाआधी कळलेले असते. आहुप्याच्या देवराईत आणि भीमाशंकरच्या रानात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकू लागली की वळवाचे दिवस संपत आले आणि भाजलेल्या राबात पेरायची वेळ झाली, हे तिथल्या महादेव कोळी शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. या खुणा पुढच्या आठ-पंधरा दिवसांपुरते बोलतात आणि तेवढ्यापुरते बहुतेकदा बरोबर बोलतात. कावळ्याच्या घरट्यावरून चार महिन्यांचा पाऊस कळतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. तरी ते पाहणाऱ्याला हसणे बरोबर नाही. ज्याला उसनवारी करून बियाणे घ्यायचे आहे त्याला कुठूनतरी एक शब्द हवा असतो.

निसर्गाला विचारले जाणारे प्रश्न दोन जातींचे असतात. पाऊस कधी येईल, रानात जनावर आहे का, विहिरीला पाणी कुठे लागेल, हे निसर्गाचे निसर्गालाच विचारलेले प्रश्न. मुलीला हे स्थळ द्यावे का, मुंबईची नोकरी धरावी की वावर कसावे, दवाखान्यातून माणूस घरी येईल का, हे माणसाच्या आयुष्याचे प्रश्न. गंमत अशी की दोन्हींची उत्तरे एकाच पाखराकडे मागितली जातात. घरट्यावरून पाऊस सांगणारा कावळाच दारात ओरडला की पाहुणा येतो, आणि त्याच कावळ्याने पिंडाला शिवले की गेलेला माणूस निश्चिंत झाला असे मानतात.

कावळ्याकडे आपल्या माणसाची वार्ता मागण्याची रीत मराठीत फार जुनी आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या एका विराणीत कावळ्याचा शकुन विठ्ठलाच्या भेटीची आस होऊन येतो. त्याच ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले अशी कथा आहे त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातच, आळे येथे आहे. पशुपक्ष्यांच्या तोंडून मोठी गोष्ट ऐकायला मिळते, यावर या भागाची श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेला तेथे देऊळही आहे.

दहाव्याचा कावळा हे या सगळ्यातले सर्वांत गंभीर प्रकरण. मीनेच्या, कुकडीच्या किंवा घोडेच्या काठी सकाळी भावकी जमते. या तालुक्यांत दशक्रियेला मंडप, प्रवचन आणि श्रद्धांजलीची भाषणे असतात, दूरदूरची माणसे गाड्या करून येतात. एका बाजूला घाटावर मुंडण होते, भाताचे पिंड मांडले जातात. त्यांच्याशेजारी गेलेल्याच्या आवडीचे काही ठेवतात. कपभर चहा, दोन भजी, आयुष्यभर तंबाखू खाल्लेली असेल तर चिमूटभर तीही. मग सगळे मागे सरतात. ध्वनिक्षेपक बंद होतो. शंभर-दोनशे माणसे एका पाखराची वाट पाहत उभी असतात. कावळा समोरच्या जांभळीवर असतो, मान तिरपी करून पाहत असतो, उतरत नाही. पाच मिनिटे जातात, दहा जातात. कोणीतरी जाणता माणूस पुढे होऊन हात जोडतो आणि घरातल्या घरात बोलावे तसे बोलतो, “आण्णा, धाकट्याचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका.” तरी कावळा हलत नाही. मग थोरला मुलगा पुढे येतो. “आईला अंतर देणार नाही. वाटणी समजुतीनं करू.” एवढे बोलताना त्याचा आवाज फुटतो. कधी तेवढ्यात कावळा उतरतो. कधी उतरतच नाही आणि शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा लागतो.

घाटावरचा कावळा माणसांना पाहून बिचकतो, त्याचे पोट भरलेले असते, किंवा त्या काठी कावळेच कमी उरलेले असतात, ही कारणे खरी आहेत. पण त्या दहा मिनिटांत जे घडते ते त्या कारणांत मावत नाही. मुलाने मनात ठेवलेले किंवा मनात नसलेलेही वचन सगळ्यांसमोर उच्चारले जाते. ते मृताला पोहोचते की नाही हे कोणी पाहिलेले नाही, भावकीच्या कानावर मात्र जाते. पुढे वाटणीच्या वेळी कोणीतरी म्हणतेच, “घाटावर काय बोलला होतास?” निसर्गाकडे मागितलेल्या शकुनाचे सर्वांत मोठे काम हे असावे. जे घरात बोलता येत नाही ते बोलायला तो जागा आणि वेळ देतो.

टिटवीचे तसे नाही. ती रात्री घरावरून ओरडत गेली तर अशुभ, कोणाचे तरी बरेवाईट होणार, असा समज महाराष्ट्रभर आहे. जुन्नर-आंबेगावात ऊस आल्यापासून तिच्या ओरडण्याला आणखी एक अर्थ आला. बिबट्याने उसाचा फड हेच रान मानले. मादी उसात विते, पिले उसातच वाढतात आणि तोडणीच्या वेळी मजुरांना ती पाचटात सापडतात. मग वनखात्याची माणसे ती पिले क्रेटमध्ये घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन एकेक पिलू मानेला धरून घेऊन जाते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. अशा मुलखात टिटवी जमिनीवर अंडी घालते आणि अंड्यांच्या आसपास काही हलले की उठून कर्कश ओरडते. रात्री नऊला बांधाच्या कडेने ती ओरडत पुढे-पुढे सरकू लागली, पाठोपाठ वस्तीवरची कुत्री एकदम गप्प झाली, तर शेतकरी पाणी द्यायला गेलेल्या पोराला हाक मारून परत बोलावतो आणि वासरू गोठ्यात आत घेतो. जुनी माणसे भालूचा, म्हणजे म्हाताऱ्या कोल्ह्याचा आवाजही असाच वाचत. भालू ओरडली की वाघ जवळ आहे, असे ते म्हणत.

टिटवीचे ओरडणे एकच, पण एका घरात आजारी माणसाच्या उशाशी बसलेली बाई ते ऐकून पदर डोळ्याला लावते, आणि शेजारच्या वस्तीवर तेच ऐकून गोठ्याचे दार लागते. दुसऱ्या घराला पक्ष्याने खरोखर काही सांगितले. पहिल्या घराने आपली धास्ती पक्ष्याच्या तोंडी घातली. या भागात बिबट्याने जनावरे नेली आहेत, माणसेही गेली आहेत. म्हणून टिटवीचे कोणते बोलणे ऐकायचे, हा येथे जिवाचा प्रश्न आहे. पश्चिमेकडच्या महादेव कोळी वाड्यांत वाघबारसेला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, गुराखी वाघोबापुढे खीर शिजवतात आणि गुरांचे रक्षण मागतात. त्या श्रद्धेने रानाचा धाक आणि मान दोन्ही राखले. रात्री रानात एकटे न फिरण्याची शिस्तही तिनेच लावली.

पंचांगातला पाऊस हा आणखी वेगळा प्रकार. प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन असते. सूर्याच्या आणि चंद्राच्या नक्षत्रांतले अंतर मोजून नवाने भागतात आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांतले एक ठरते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की लोक समाधानाने मान हलवतात. यात निसर्गातली सगळी जनावरे आहेत, पण निसर्ग पाहिलेला नाही. म्हैस आहुप्याला जेवढी तेवढीच बेल्ह्याला, आणि पाऊस तर दोन्हीकडे सारखा कधीच पडत नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे रात्रीतून काय हलले यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. ते ऐकायला गर्दी होते. पेरणीपूर्वीची बेचैनी केवढी असते, याचा अंदाज त्या गर्दीवरून येतो.

दूरच्या खुणेवरून पाऊस सांगण्याचा प्रयत्न शास्त्रानेही केला. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून हिंदुस्थानचा पाऊस सांगायला घेतला आणि 1886 साली पहिला रीतसर दीर्घ मुदतीचा अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरच्या हवेच्या दाबाशी आपल्या पावसाचे नाते जोडले. 1928 मध्ये खात्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले, म्हणजे या दोन तालुक्यांच्या जिल्ह्याच्याच ठिकाणी. बर्फ हिमालयात आणि पाऊस जुन्नरला, हे कावळ्याच्या घरट्याइतकेच अजब वाटण्यासारखे होते. फरक एवढाच पडला की खात्याने चुकलेल्या वर्षांचीही नोंद ठेवली. पारावर चुकलेल्या वर्षाची नोंद कोणी ठेवत नाही.

या मुलखाची शकुनाची आठवण दोन हजार वर्षे मागे जाते. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे, आणि पुढे अश्वमेधासह अनेक यज्ञांची व दक्षिणेची यादी. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. कोकणातून माल घेऊन चढणारे तांडे येथून जुन्नरकडे उतरत. वाटेत चोर, श्वापद, धुके. मागे राहिलेल्या बायकांना महिनोन्‌महिने खबर नाही. त्या वाट पाहण्याचे मराठी मुलखातले सर्वांत जुने चित्र सातवाहन राजा हाल याच्या नावाने असलेल्या गाथासप्तशतीत आहे. तिच्यातल्या एका गाथेत विरहिणी आपल्या लवणाऱ्या डाव्या डोळ्याशी करार करते. तुझ्या शकुनाने तो आज आला, तर उजवा डोळा मिटून घेईन आणि त्याला फक्त तुझ्यानेच पाहीन, असे ती म्हणते. शकुनाला तिने बक्षीस कबूल केले आहे. तो खरा ठरेल याची तिला खात्री नाही, म्हणून त्याची मनधरणी चालली आहे. बायकांचा डावा आणि पुरुषांचा उजवा डोळा लवणे शुभ, हा समज आजही जसाच्या तसा आहे.

ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकाराम महाराजांनी ज्यांना गुरू मानले ते हेच, आणि त्यांचा अनुग्रह झाला तो स्वप्नात. महाराजांनी स्वतःच सांगितले आहे की गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात ते द्यायचे राहून गेले. एवढ्या मोठ्या घटनेत ही पावशेर तुपाची नोंद फार मोलाची वाटते. स्वप्नात मिळालेल्या संकेताने त्यांना प्रपंचातल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर दिले नाही, दुकान चालवावे की बंद करावे हेही सांगितले नाही. एक मंत्र दिला आणि पुढचे सगळे चालणे त्यांच्यावर सोडले.

देवाला कौल लावणे हा याच्या उलट, अगदी नेमक्या प्रश्नाचा मार्ग. ग्रामदैवताच्या पाषाणावर पाण्याने ओल्या केलेल्या कळ्या किंवा सुपाऱ्या डाव्या-उजव्या बाजूंना चिकटवतात. गुरव प्रश्न मोठ्याने मांडतो. प्रश्न असा घालावा लागतो की उत्तर हो किंवा नाही एवढेच यावे. उजवी कळी पडली तर देवाने उजवा दिला, काम करावे. डावी पडली तर थांबावे. पुष्कळ वेळ काहीच पडत नाही. गाभाऱ्यात समईचा धूर, दगडाचा गारवा, आणि सगळ्यांची नजर एका कळीवर. ओल कोणत्या बाजूची आधी सुकते यावर ती पडते. तरीही कौल लावणारा माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. “पोरीला त्या घरी द्यावी का?” हा प्रश्न त्याला प्रथमच एका वाक्यात, चार माणसांत बोलावा लागलेला असतो. आणि कळी डावीकडे झुकताना त्याच्या छातीत धस्स झाले की हायसे वाटले, हे त्याला त्या क्षणी कळते. ज्याला डावा कौल ऐकून हायसे वाटले त्याने ते स्थळ मनातून आधीच नाकारलेले असते. कौलाचा खरा उपयोग कळी जमिनीवर पडण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो.

घराबाहेर पडताना भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार, मुंगूस आडवे गेले की काम होणार, पहाटे कंदील आणि कुडबुडे घेऊन आलेल्या पिंगळ्याने शुभ सांगितले की वर्ष बरे, हे सगळे याच घरातले. पिंगळा जोशी तर आपण पिंगळा पक्ष्याची भाषा जाणतो असे सांगतो आणि लोक त्याला सूपभर धान्य घालतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे ज्या भाषेने पिढ्यान्‌पिढ्या म्हणून ठेवले त्याच भाषेत शकुनाचे एवढे शब्द आहेत, यात विसंगती नाही. म्हण डोके थंड असतानाची आहे, शकुन जीव टांगणीला लागला असतानाचा. भारद्वाज दिसून परीक्षेत पास झालेला मुलगा ती सकाळ जन्मभर सांगतो. भारद्वाज दिसूनही ज्याचा कांदा मातीमोल गेला तो त्या सकाळी भारद्वाज दिसल्याचे विसरून गेलेला असतो. अशाने शकुनाच्या पदरी नुसती यशेच जमत जातात.

येथवरचे सारे कोणाचे नुकसान करणारे नाही. नुकसान सुरू होते ते शकुनाचे बोट माणसाकडे वळते तेव्हा. सवाष्ण समोर आली तर शुभ आणि विधवा आली तर अपशकुन, ही रीत निसर्ग पाहण्याच्या सवयीतूनच वाढली आणि तिने किती बायकांना मांडवाच्या मागच्या दारी उभे केले याची गणती नाही. जिने नवरा गमावला तिच्याच तोंडाला अशुभ म्हणणे हा शकुनशास्त्रातला सर्वांत क्रूर भाग आहे. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तसे ठराव प्रत्येक गावाने मनापासून करावेत. घुबडाला अपशकुनी म्हणून मारणे याच माळेतले. उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणारा तो पक्षी, त्याला दगड खावे लागतात. आणि साप चावलेल्या माणसाला शकुन पाहत मांत्रिकाकडे नेणे तर जिवावर बेतते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. टिटवी ऐकणे हा गुन्हा नाही.

नारायणगावजवळच्या खोडदला आभाळ वाचणारी आणखी एक व्यवस्था आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ती दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही मधोमध दाटीने आणि बाकीच्या तीन दिशांना, एकूण पंचवीसेक किलोमीटरांच्या पसाऱ्यात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे शांतता हे एक मोठे कारण होते, रेडिओ लहरींच्या गोंगाटापासूनची शांतता. दूरच्या आकाशगंगेतून येणारी लहर इतकी क्षीण असते की मोबाइल, विजेची तार, गाडीच्या इंजिनातली ठिणगी यांचा आवाज तिला बुडवतो. तेथील माणसांचा बराचसा वेळ खरा संदेश कोणता आणि आपल्याच घरचा गोंगाट कोणता हे निवडण्यात जातो. वर्षानुवर्षे मोजल्यावर, आणि जगातल्या इतर दुर्बिणींशी ताडून पाहिल्यावर, 2023 च्या जूनमध्ये भारतीय गटाने विश्वातल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा दिसत असल्याचे जाहीर केले. त्याच तबकड्यांच्या सावलीत द्राक्षाचे आणि टोमॅटोचे मळे आहेत आणि त्यांतले शेतकरी कावळ्याचे घरटेही पाहतात. या दोन पाहण्यांत वैर नाही. आपल्या मनाचा आवाज वेगळा काढणे दोन्हींत सर्वांत अवघड आहे, आणि शकुन पाहणाऱ्याला त्यासाठी कोणतेही यंत्र मिळालेले नाही.

आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. 151 माणसे गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला रस्ता जेथे गावाशी जायचा तेथे गावच दिसले नाही, आणि त्याच्याकडून बाहेरच्या जगाला कळले. त्या डोंगराच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, कावळा, मुंगी, काजवा वाचणारी माणसे होती ती. त्यांच्याविषयी बोलताना शब्द जपूनच वापरावा लागतो. पश्चिमेच्या खोऱ्यांत अशा उतारावर वसलेल्या वाड्या आजही पुष्कळ आहेत आणि डोंगर सरकण्याआधी जमीन अनेकदा खुणा देते, असे भूशास्त्र सांगते. या खुणांना शुभ-अशुभ काही नाही, नशिबाशी त्यांचा संबंध नाही, आणि त्या वाचायला पंचांग लागत नाही. मुसळधार पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला असताना झऱ्याचे नितळ पाणी अचानक गढूळ झाले, कोरड्या जागी नवा पाझर फुटला किंवा वाहता झरा एकाएकी थांबला, घरामागच्या उतारावर किंवा भिंतीला नवी भेग गेली, दार चौकटीत अडकू लागले, झाडे किंवा विजेचे खांब कलले, जमिनीतून घरघर ऐकू आली, तर अशा वेळी कौल लावायला थांबू नये. दावणीची जनावरे मोकळी सोडावीत, म्हातारी माणसे आणि मुले घेऊन त्या उताराच्या वाटेतून बाजूला, उघड्यावर यावे, शेजारच्या घरांना हाका माराव्यात आणि पोलीस पाटलाला, तलाठ्याला त्याच रात्री कळवावे.